जुना गॅस स्टोव्ह घ्यायचाय? आधी तो कुठल्या गावात ओतला ते बघा

कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँटच्या भाड्याच्या घरात राहायला आलो त्या दिवशी स्वयंपाकघरात एक पांढरा, अवजड स्टोव्ह उभा होता. वर क्रोमचा चकचकीत पत्रा, चार बर्नर, मधोमध झाकणाखाली चौकोनी तवा आणि पाठीला एक बंद पडलेलं घड्याळ. घरमालकीणबाई म्हणाल्या, "फार जुना आहे, नको असेल तर बदलून देते." मी हो म्हणणारच होते. पण त्याच संध्याकाळी भाकरी केली. तव्यावरची भाकरी उचलली, शेजारच्या बर्नरची जाळी बाजूला केली आणि भाकरी थेट ज्योतीवर धरली. टम्म फुगली! त्याआधीचं वर्षभर फ्लॅटमधल्या काचेच्या इलेक्ट्रिक शेगडीवर भाकरी नुसत्याच वाळत होत्या. दुसऱ्या दिवशी सकाळीच बाईंना फोन करून सांगितलं, बदलू नका.

पुसताना दाराच्या वरच्या पट्टीवर नाव दिसलं, वेजवुड. इंग्लंडची चिनीमातीची भांडी करणारे ते वेजवुड वेगळे, या नावाच्या स्पेलिंगमध्ये एक ई जास्त आहे. हा स्टोव्ह बनला होता न्यूअर्कमध्ये. न्यू जर्सीतलं नव्हे, आमच्या शेजारचं, फ्रीमाँटने चहूबाजूंनी वेढलेलं न्यूअर्क. ज्या रस्त्यावरून मी किराणा आणायला जाते, त्याच गावात जेम्स ग्रॅहम नावाच्या माणसाने १८८२ मध्ये ओतशाळा काढली आणि कित्येक दशकं तिथून स्टोव्ह बाहेर पडत राहिले. या भागात आज इतकी मराठी कुटुंबं राहतात, आणि आपल्यापैकी फारच थोड्यांना हे माहीत आहे.

माझे वडील कोल्हापूरला शिरोलीच्या एका फाउंड्रीत साचे भरायचे. घरी बिडाचा तवा, बिडाची कढई, आणि वडिलांच्या कपड्यांना कायम त्या काळ्या वाळूचा वास. म्हणून असेल, या स्टोव्हच्या बर्नरवर हात फिरवला तेव्हा ओळखीचं माणूस भेटल्यासारखं वाटलं. त्यानंतर गेल्या काही वर्षांत मी असे तीन स्टोव्ह घेतले, दोन मैत्रिणींना घेऊन दिले, आणि एकदा चांगलीच फसले. जे शिकले ते नव्याने सुरुवात करणाऱ्यांसाठी लिहिते आहे. अमेरिकेत स्टोव्ह म्हणजे शेगडी आणि तिच्याखालचा ओव्हन असं एकत्र धूड. आपल्या पंपाच्या स्टोव्हशी त्याचं नातं फक्त नावापुरतं, असं आधी वाटतं. पुढे तेही येईलच.

पहिली पायरी: आपल्या भागात कोण होतं ते शोधा

नवीन माणूस हमखास एक चूक करतो. मासिकात किंवा एखाद्या स्वयंपाकाच्या कार्यक्रमात पाहिलेलं मोठं नाव डोक्यात घेतो आणि तेच शोधत बसतो. मग दोन हजार मैलांवरून स्टोव्ह मागवतो, वाहतुकीचा खर्च स्टोव्हच्या किमतीहून जास्त, आणि वाटेत बिडाचा एखादा भाग तडकतो. माझं सांगणं उलट आहे. तुम्ही राहता त्याच भागात ओतलेला स्टोव्ह घ्या, मग त्याचं नाव कुणी ऐकलेलं नसलं तरी चालेल.

बीड जड असतं आणि ठिसूळही. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर अमेरिकेतले बरेचसे स्टोव्ह न्यूयॉर्क राज्यातल्या ट्रॉय आणि ऑल्बनी या हडसन नदीकाठच्या दोन गावांत व्हायचे, कारण नदी आणि कालव्यांतून माल पुढे नेता यायचा. वस्ती पश्चिमेला सरकली तशी ही वाहतूक परवडेनाशी झाली आणि जागोजागी ओतशाळा निघाल्या. प्रत्येक प्रांताचा आपापला स्टोव्हवाला झाला. त्यामुळे आजही त्या त्या भागातल्या जुन्या घरांत, गॅरेजमध्ये, भंगारात त्याच भागाचे स्टोव्ह सापडतात. सुटे भाग तिथेच मिळतात आणि दुरुस्ती करणाऱ्याचा हातही त्याच मॉडेलवर बसलेला असतो. दुरुस्तीवाला फोनवर "हो, तो येतो मला" म्हणाला की निम्मं काम झालं.

कॅलिफोर्नियाची नावं मी जवळून पाहिली आहेत, म्हणून त्यांच्याबद्दल थोडं सविस्तर.

वेजवुडचं सांगितलंच. उत्तर कॅलिफोर्नियात हा सगळ्यात सहज सापडतो. मधला तवा ही त्याची मला सर्वांत आवडणारी गोष्ट. काही मॉडेलांत डावीकडे एक उभा कप्पा असतो, त्यात पूर्वी लाकूड किंवा कचरा जाळायचे आणि स्वयंपाकघर ऊबदार ठेवायचे. काहींत त्या जागी गॅसचा हीटर असतो. असा कप्पा दिसला तर त्याला धुराडं लागतं हे लक्षात ठेवा. धुराडं नसेल तर तो कप्पा कायमचा बंद करून घ्या.

लॉस एंजेलिसच्या ओकीफ अँड मेरिटला आता बरंच नाव आहे, त्यामुळे भावही चढे. त्यांच्या काही मॉडेलांत 'ग्रिलव्हेटर' असतो. ब्रॉयलर, म्हणजे वरून आच लागणारा कप्पा, आणि त्यातली जाळी दांड्याने वरखाली करता येते. वांगं भाजायला यासारखी सोय नाही. त्याच शहरातला गॅफर्स अँड सॅटलर मात्र अजून दुर्लक्षित आहे. बांधणी तितकीच दणकट, आणि नाव कमी घेतलं जातं म्हणून किंमत आवाक्यात. लॉस एंजेलिसलाच लागून असलेल्या कल्व्हर सिटीच्या वेस्टर्न स्टोव्ह कंपनीचा वेस्टर्न हॉली लांबूनही ओळखू येतो. त्याच्या बऱ्याच मॉडेलांत ओव्हनच्या दाराला जहाजाच्या खिडकीसारखी गोल काच असते. पुढच्या काळातल्या स्टोव्हांवर वेजवुड-हॉली असं जोडनावही दिसतं, ते पाहून गोंधळू नका. आणि आमच्या बे एरियातला, म्हणजे सॅन फ्रान्सिस्कोच्या आसपासच्या भागातला, आणखी एक म्हणजे ऑकलंडच्या हॅमर-ब्रे कंपनीचा स्पार्क. हा मला फार आवडतो. माझ्या मैत्रिणीकडे आहे, फिकट पिस्ता रंगाचा.

बाकी भागांचं धावतं सांगते. मॅसॅच्युसेट्समध्ये असाल तर टॉन्टन गावचा ग्लेनवुड आणि बॉस्टनच्या वॉकर अँड प्रॅटचा क्रॉफर्ड शोधा. मेनमध्ये पोर्टलंडच्या ओतशाळेचा क्वीन अटलांटिक. न्यू जर्सी-फिलाडेल्फियाकडच्या मंडळींनी पेन्सिल्व्हेनियातल्या रॉयर्सफर्डच्या फ्लॉइड-वेल्स कंपनीचा 'बेंगाल' बघावा. विस्कॉन्सिनात बीव्हर डॅमचा मोनार्क, मिशिगनमध्ये डोवाजिॲकचा राउंड ओक. इंडियानातल्या शेल्बीव्हिलचा चेम्बर्स आता तसा अनोळखी राहिलेला नाही, पण त्याची करामत सांगायलाच हवी. ओव्हनला भरपूर अस्तर असल्यामुळे गॅस बंद केल्यावरही आतल्या धगीवर पदार्थ शिजत राहतो, आणि कंपनीची जाहिरातही त्याच गोष्टीवर होती. कॅनडात ओटावाजवळच्या कार्लटन प्लेसचा फिंडले. कॅलमझूचा स्टोव्ह मात्र या नियमाला अपवाद. ते कॅटलॉगवरून थेट गिऱ्हाइकाला विकायचे, म्हणून तो कुठल्याही राज्यात भेटू शकतो.

दुसरी पायरी: नाव आणि वय वाचायला शिका

दर्शनी नाव पुरेसं नसतं. एकाच कारखान्याने अनेक नावांनी माल विकलेला असतो, आणि नावाची पट्टी तर कुणीही दुसऱ्या स्टोव्हची काढून लावू शकतो. टॉर्च घेऊन खाली बसा. ब्रॉयलरचं दार उघडून आतल्या चौकटीवर बघा, खालचा खण पूर्ण बाहेर काढून त्यामागे बघा, ओव्हनच्या दाराच्या कडेला बघा. यापैकी कुठेतरी एक छोटी धातूची पट्टी असते, तिच्यावर कंपनी, गाव, मॉडेल आणि बहुतेक वेळा कुठल्या गॅससाठी स्टोव्ह बनवला तेही लिहिलेलं असतं. फोटो काढून ठेवा. पुढे प्रत्येक फोनवर हेच आकडे विचारतात.

अमेरिकन गॅस असोसिएशनचा निळा तारा दिसला तर एक गोष्ट पक्की. त्यांची तपासणी प्रयोगशाळा क्लीव्हलंडला १९२५ मध्ये सुरू झाली, म्हणजे स्टोव्ह त्यानंतरचा.

वयाचा अंदाज रूपावरूनही येतो. उंच वाकड्या पायांचे, बाजूला उंचावर ओव्हन असलेले ते साधारण १९१० आणि १९२० च्या दशकातले. पाय झाकले गेले, पिस्ता-क्रीम असे रंग आले की ते १९३० च्या दशकाकडचे. पांढरं इनॅमल, वर क्रोम, घड्याळ आणि मीठ-मिरीच्या बरण्या असा थाट १९४० नंतर आणि विशेषतः युद्धानंतर. युद्धकाळात घरगुती स्टोव्हांच्या उत्पादनावर सरकारी बंधनं होती, त्यामुळे त्या तीन-चार वर्षांतले स्टोव्ह कमी आणि अगदी साधे. नवशिक्याने युद्धानंतरचा घ्यावा असं मी सांगेन. त्यातल्या अनेकांच्या ओव्हनला पायलट (कायम पेटती राहणारी छोटी ज्योत) विझली तर गॅस बंद करणारा व्हॉल्व्ह असतो, आधीच्या अनेकांना तो नसतो.

आणखी एक नाव नक्की वाचा, ओव्हनच्या तापमानाच्या डायलवरचं. रॉबर्टशॉ, विल्कोलेटर, हार्पर, लोरेन यांपैकी काहीतरी असेल. स्टोव्हवाले अनेक होते, पण थर्मोस्टॅट करणारे मोजकेच. त्यामुळे अगदी अनोळखी कारखान्याच्या स्टोव्हलासुद्धा ओळखीचा रॉबर्टशॉ असला, तर तो दुरुस्त होण्याची आशा मोठी. स्टोव्हवरचं नाव बघून हुरळण्याऐवजी हा डायल बघून निर्णय घ्या.

तिसरी पायरी: बघायला जाल तेव्हा

सोबत टॉर्च, छोटं चुंबक, मोजपट्टी आणि जुनं फडकं न्या. शक्यतो असा स्टोव्ह बघा जो अजून गॅसला जोडलेला आहे. चालू स्टोव्हची किंमत थोडी जास्त असली तरी द्या.

आधी बीड. बर्नर आणि जाळ्या एकेक उचलून, दोन बोटांत लोंबकळत धरून दुसऱ्या हाताने टिचकी मारा. अखंड बीड घुमतं, बारीक घंटेसारखं. तडा असेल तर आवाज बद्द येतो. वडील फाउंड्रीत हेच करायचे, आणि मी पहिल्यांदा असं केलं तेव्हा विकणारे आजोबा हसून म्हणाले, त्यांचे वडीलही असंच करत. जाळीला तडा असेल तर दुसरी मिळते. बर्नरला तडा असेल तर त्यातून गॅस नको तिथे निघतो, तसा बर्नर वापरायचाच नाही.

मग इनॅमल. इथेच मी फसले होते. इनॅमल म्हणजे लोखंडी पत्र्यावर भट्टीत वितळवून बसवलेली काच. हाताला गार, नखाला टणक. त्याचा टवका उडाला असेल तिथे नीट बघा, पांढऱ्या थराखाली काळपट निळा थर दिसतो. पत्रा पकडून ठेवणारा तो पहिला लेप. मी घेतलेला दुसरा स्टोव्ह सुंदर क्रीम रंगाचा होता, एकही टवका नाही, आणि "संपूर्ण रिस्टोअर केलेला" म्हणून चांगले पैसे मोजले. दुसऱ्याच आठवड्यात नानकटाई भाजत असताना ओव्हनच्या दाराजवळ रंगाला फोड आले आणि घरभर जळका वास. पांढऱ्या इनॅमलवर कुणीतरी डब्यातला स्प्रे मारला होता. नंतर नीट पाहिलं तर पुरावा समोरच होता. स्क्रूच्या डोक्यांवर तोच रंग, बिजागरीच्या फटीत तोच रंग, आणि नावाच्या पट्टीच्या कडेला रंगाची बारीक कड. इनॅमलचा पत्रा सुटा करून भट्टीत भाजतात, त्यामुळे स्क्रू कधीच त्या रंगाचा होत नाही. तेव्हा आधी स्क्रू बघा. गंजून भोक पडलेल्या जागी लांबी (पुट्टी) भरून रंगवलेलं असेल तर तिथे चुंबक नीट चिकटत नाही, म्हणून चुंबक.

खरं इनॅमल पुन्हा चढवायला आठशे अंश सेल्सियसच्या आसपासची भट्टी लागते, हे काम करणारे कारखाने थोडे आणि महाग. क्रोमचंही तेच. म्हणून टवके उडालेला पण अस्सल स्टोव्ह हा रंगवलेल्या स्टोव्हपेक्षा कधीही बरा. टवक्यांची काळजी करू नका, स्वयंपाकाला त्यांचा काही त्रास होत नाही.

नंतर प्रत्येक नॉब फिरवून बघा. कडक असेल तर घाबरू नका, आतलं ग्रीस वाळलेलं असतं आणि साफ करून नवीन ग्रीस भरलं की फिरतो. पण पक्कड लावून जोर करू नका. उलट एखादा नॉब फारच सैल, गरगर फिरणारा असेल तर जपून. ओव्हनचा तळ उचलून गंज बघा. वरवरचा तांबूस गंज चालतो. बोट दाबल्यावर पत्रा चुरत असेल तर परत फिरा.

चौथी पायरी: घरी आणणं

आजचा साधा स्टोव्ह ३० इंच रुंद. हे जुने बहुधा ३६ किंवा ४० इंच, जुन्या अपार्टमेंटांसाठी केलेले काही वीस-एकवीस इंचांचेही. जागा मोजा, दारं मोजा, पायऱ्यांचं वळण मोजा. चाळीस इंची स्टोव्ह दीडशे किलोच्या पुढे जातो. बर्नर, जाळ्या, तवा, ओव्हनचे रॅक, खण आणि उचलून निघत असतील तर दारं, हे सगळं आधी काढून वेगळं बांधा. मग पट्ट्याची ढकलगाडी आणि चार माणसं. वरच्या पत्र्याला किंवा दाराच्या दांड्याला धरून उचलू नका, हे चारही जणांना आधीच सांगून ठेवा. काढलेले स्क्रू प्लास्टिकच्या पिशवीत घालून ती ज्या भागाची त्याच भागाला टेपने चिकटवा.

पाचवी पायरी: साफ करण्याआधी थांबा

जुन्या स्टोव्हच्या भिंतींत आणि दाराच्या कडांना ॲस्बेस्टॉस असू शकतो. दिसायला तो कागदाच्या पुठ्ठ्यासारखा, दोरीसारखा किंवा करड्या कापसासारखा. तसं काही उघडं पडलेलं, पिंजलेलं दिसलं तर ओढू नका, झाडू नका, व्हॅक्यूमही लावू नका. प्रयोगशाळेतून तपासून घ्या आणि काढायचं असेल तर परवाना असलेल्या माणसाकडून काढून घ्या. उत्साहाच्या भरात स्टोव्ह खिळाखिळा करणारे बघितले की माझ्या पोटात गोळा येतो.

बाकी सफाई घरची. बर्नर गरम पाण्यात धुण्याचा सोडा घालून रात्रभर ठेवायचे, सकाळी तारेच्या ब्रशने घासायचे, भोकं एकेक करून तारेने मोकळी करायची, मग मंद ओव्हनमध्ये पूर्ण वाळवायचे. इनॅमलला साबण आणि मऊ कापड. क्रोमला तारेची घासणी कधीच नाही. मधला तवा ॲल्युमिनियमचा असेल तर ओव्हन क्लीनर त्याला काळा करून टाकतो, त्यावर तो अजिबात मारू नका.

आता पंपाच्या स्टोव्हचं नातं. आई रॉकेलच्या स्टोव्हच्या निपलला पिन मारायची, ते बघत आपण मोठे झालो. इथेही प्रत्येक बर्नरच्या मागे एक पितळी टोपी असते, तिच्या बारीक भोकातून गॅस येतो. हात आपोआप पिनेकडे जातो. इथे मात्र पिन मारू नका. पितळ मऊ, भोक केसभर मोठं झालं तरी गॅस जास्त येतो आणि ज्योत बिघडते. टोपी काढून स्पिरिटमध्ये बुडवा, हवेने फुंकून काढा, तेवढंच.

सहावी पायरी: जोडणी

ही पायरी स्वतः करू नका. परवाना असलेला प्लंबर किंवा जुन्या स्टोव्हांचा कारागीर बोलवा, आणि पुढच्या गोष्टी त्याच्यासमोर उभं राहून विचारा.

स्टोव्हबरोबर आलेली जुनी लवचिक पितळी नळी फेकून द्या. उघड्या पितळेच्या त्या जुन्या नळ्यांची टोकं झाळलेली असतात आणि ती निसटून आगी लागल्या आहेत. त्या नळीला हलवायचंसुद्धा नाही, आधी मेन बंद. मेनच्या नळावरचा चपटा दांडा पाइपला आडवा झाला की गॅस बंद, हेही तेव्हाच घरातल्या सगळ्यांना दाखवा.

दुसरं, स्टोव्ह कुठल्या गॅसचा आहे ते. बे एरियात नैसर्गिक वायू १९३० च्या आसपास आला. त्याआधी शहरात कारखान्यात तयार केलेला गॅस यायचा आणि त्याच्या प्रत्येक घनफुटात जवळपास निम्मीच उष्णता असायची. म्हणून त्या काळच्या स्टोव्हच्या टोप्यांची भोकं मोठी. मधल्या काळात कुणी बदलली नसतील, तर आजच्या गॅसवर ज्योत भडकते. प्रोपेनचं याच्या उलट, त्याला भोक लहान लागतं. गावाबाहेर टाकीचा गॅस असेल तर टोप्या बदलल्याशिवाय पेटवूच नका.

तिसरं, ओव्हनला सेफ्टी व्हॉल्व्ह आहे का. नसेल तर बसवून घ्या. पायलट विझलेली असताना नॉब उघडला तर ओव्हनमध्ये गॅस साठतो, आणि पुढे काय होतं ते सांगायला नको. चौथं, लाकडी कपाटापासून किती अंतर हवं. या स्टोव्हांच्या बाजू आजच्यांपेक्षा जास्त तापतात. पाचवं, घड्याळाची वायर. त्यावर कापडी वेष्टण असेल तर बदलून घ्या.

जोडणी झाली की प्रत्येक सांध्याला साबणाचं दाट पाणी लावा. बुडबुडा वाढताना दिसला तर गळती. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म घरात हवाच. आणि कधीही गॅसचा उग्र वास आला, तर दिव्याच्या बटणाला हात न लावता सगळ्यांनी बाहेर पडायचं आणि बाहेरून फोन करायचा. आमच्याकडे पीजी अँड ई या गॅस-वीज कंपनीचा माणूस घरी येऊन पायलट आणि गळती तपासून जातो, त्याचे पैसे पडत नाहीत. वर्षातून एकदा बोलवावा.

सातवी पायरी: पहिली ज्योत

वरचे बर्नर आधी. ज्योत निळी, टोकदार, स्थिर हवी. पिवळी जीभ बाहेर येत असेल आणि भांड्याचं बूड काळं होत असेल तर हवा कमी पडते आहे. बर्नरच्या नळीच्या तोंडाशी हवेची चकती असते, ती किंचित उघडा. फुरफुर आवाज येऊन ज्योत बर्नरपासून सुटत असेल तर किंचित मिटवा. एका वेळी जरासंच फिरवायचं आणि ज्योतीकडे बघायचं. दोन-तीन दिवसांत हात बसतो.

काडीने पेटवायचा ओव्हन असेल तर क्रम पाठ करा: दार उघडायचं, काडी पेटवायची, ती पेटवायच्या भोकाशी धरायची, आणि मगच नॉब फिरवायचा. गॅस आधी, काडी नंतर असं कधीही नाही. दोन-तीन सेकंदांत पेट घेतला नाही तर नॉब बंद, दार उघडं, पाच मिनिटं थांबा.

पहिल्यांदा रिकामा ओव्हन तासभर तापवा, खिडक्या उघडून. जुना ओशट वास निघून जातो. मग आत सुटं थर्मामीटर ठेवून डायल ३५० फॅरनहाइटवर करा आणि अर्ध्या तासाने वाचा. वीस-पंचवीस अंशांचा फरक असेल तर कारागीर डायलमागचा स्क्रू फिरवून जुळवतो. तो येईपर्यंत फरक कागदावर लिहून दाराच्या बाजूला चिकटवा. मी पूर्ण एक दिवाळी त्या चिठ्ठीवर काढली आणि चिरोटे सोडून बाकी सगळं ओव्हनमध्येच केलं.

आपला स्वयंपाक आणि हा स्टोव्ह

मधला तवा घावन आणि पुरणपोळीसाठीच केलाय असं वाटावं इतका सोयीचा आहे. एका वेळी दोन पोळ्या सहज. फक्त मधोमध आच जास्त आणि कडेला कमी, म्हणून पोळी मध्यावर टाकून भाजत आली की कडेला सरकवायची.

चिंच, कोकम, टोमॅटो, लिंबू यांना जपा. जुन्या इनॅमलवर आंबट सांडून राहिलं की चकाकी जाते आणि ती परत येत नाही. आमटी उतू गेली तर लगेच कोरड्या फडक्याने टिपा. ओलं गार फडकं तापलेल्या इनॅमलवर ठेवू नका, काच तडकते. बारीक तड-तड आवाज येतो आणि कोळ्याच्या जाळ्यासारख्या रेघा उमटतात. एकदा ऐकला की तो आवाज विसरता येत नाही.

मोठा कुकर मागच्या बर्नरवर ठेवाल तर पाठीच्या फळीला आणि घड्याळाला शिट्टीची वाफ लागते, म्हणून कुकर पुढे. झाकणाची पाटी असलेला स्टोव्ह असेल तर पायलट चालू असताना ती मिटवू नका. उन्हाळ्यात मी वरच्या पायलट कारागिराकडून बंद करून घेते आणि लायटरने पेटवते. गॅसही वाचतो आणि ओटाही तापत नाही.

ऑक्टोबर २०१९ मध्ये वणव्याच्या भीतीने इथे अनेक भागांची वीज दोन-दोन दिवस बंद ठेवली होती. ऑकलंडच्या टेकड्यांवर राहणाऱ्या माझ्या मैत्रिणीच्या गल्लीत नवे ओव्हन सगळे गप्प होते, त्यांना पेटायलाच वीज लागते. तिचा तो पिस्ता रंगाचा स्पार्क तेवढा काडीवर पेटत होता. तिने मेणबत्तीच्या उजेडात खिचडी टाकली आणि शेजारच्या तीन घरांना जेवायला बोलावलं.

स्टोव्ह घेतलात की लगेच एक डबा करा. त्यात एक जादा थर्मोकपल (पायलट पेटती आहे की नाही ते ओळखणारा भाग), व्हॉल्व्हच्या ग्रीसची छोटी ट्यूब, कुठल्याही भागातून निघालेला प्रत्येक मूळ स्क्रू, काढून ठेवलेल्या जुन्या टोप्या, मॉडेलच्या पट्टीचा छापील फोटो आणि कारागिराचा नंबर. भंगारात त्याच मॉडेलचा मोडका स्टोव्ह दिसला तर त्याचे नॉब आणि एक बर्नर थोडक्या पैशांत मागून घ्या, नंतर ते मिळत नाहीत. माझा डबा पार्ले बिस्किटांचा आहे आणि तो स्टोव्हच्याच खालच्या खणात असतो, म्हणजे आम्ही घर बदललं तर तो स्टोव्हबरोबरच जाईल.